सोळा दिवसांचा प्रायश्चित्तकाळ

घरात दोनच माणसं उरली होती आणि दोघींचं वय मिळून दीडशेच्या घरात गेलं होतं. थोरली अंथरुणाला खिळलेली आणि धाकटी त्या अंथरुणाला बांधलेली.

थोरली म्हणजे नणंद. मुलींच्या शाळेत तिने तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. लग्न केलं नाही. गल्लीतली पोक्त माणसंसुद्धा तिला मोठ्या बाई म्हणत आणि समोरून आली की सायकलवरून उतरत. धाकटी तिच्या भावाची बायको. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली होती. चार वर्षांपूर्वी एका सकाळी मोठ्या बाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून त्यांचा उजवा हात, जीभ आणि स्मरणशक्ती एवढंच शाबूत होतं, आणि जीभ तर पहिल्यापेक्षा जास्तच. धाकटी त्यांना वन्सं म्हणे. त्या तिला वहिनी म्हणत. आपणही तिला वहिनीच म्हणू, कारण त्या घरात तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलंच नव्हतं.

वहिनीने तरुणपणी अठ्ठावीस वर्षं बाइंडिंगखान्यात काम केलं होतं. छापून आलेले मोठे कागद घडी घालायचे, पानांचा क्रम लावायचा, शिवायचं, खळ लावायची. बोटांना खळीचा वास कायमचा बसलेला. निवृत्त झाल्यावरही घरात पुस्तक आलं की तिला राहवत नसे. पहिल्याच दिवशी त्याला खाकी कव्हर चढायचं, ते असं ताणून आणि कोपरे असे दुमडून की आतलं मूळ वेष्टन दिसायची सोय नाही. वन्सं म्हणत, "पुस्तकाला कपडे घालतेस की कोंडून ठेवतेस गं?"

ह्या घरात पुस्तक येई ते मुख्यतः एकच. चर्चच्या दारात वर्षाअखेरीला रोजच्या चिंतनाचं पुस्तक मिळायचं. दिवसाला एक पान. वर तारीख आणि वार, मग शुभवर्तमानातल्या दोन ओळी, खाली चिंतन आणि तळाशी 'आजचा सद्गुण' म्हणून एक वाक्य. तोंड धुणं, चहा, औषध झालं की वहिनी खुर्ची ओढून ते पान मोठ्याने वाचायची. वन्सं डोळे मिटून ऐकत आणि शेवटी शेरा मारत. "बरं लिहिलंय." "ह्याने वाचन कमी आणि लेखन जास्त केलंय." "पुन्हा वाच, तू धावत वाचलंस."

वहिनी धावतच वाचायची. कारण पान संपलं की चादरी होत्या. चादरींच्या मागे पाठ पुसणं, पाठीला फोड येऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीचं भांडं देणं, भांडं नेणं, पेज भरवणं. वन्सं हाडापेराने मोठ्या. एक हात त्यांच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून वळवताना वहिनीच्या स्वतःच्या मणक्यातून कळ जायची. पहिल्या वर्षी ती हे सगळं देवाची सेवा म्हणून करत होती, दुसऱ्या वर्षी कर्तव्य म्हणून. चौथ्या वर्षी ती नुसतंच करत होती.

आणि बोलत होती. आधी मनात, मग ओठांत, मग उघडच. "हात आहे ना उजवा, मग पेला धरा की." "दहा वेळा हाक मारू नका, मी काही शाळेची घंटा नाही." वन्संही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "घंटा बरी, वेळेवर तरी वाजते." अशी जुंपली की वहिनी स्वयंपाकघरात जाऊन पातेली आपटायची.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धाकटे फादर आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येत. तरुण होते, पण बाराव्या घरी पोचेपर्यंत तेही म्हातारे दिसत. फेब्रुवारीत ते आले तेव्हा वहिनीने नेहमीप्रमाणे खाटेजवळच्या टेबलावरचं सगळं, औषधं आणि चिंतनाचं पुस्तकसुद्धा, उचलून कपाटात ठेवलं आणि टेबलावर पांढरं कापड अंथरलं. वन्संचा विधी झाला. मग स्वयंपाकघरात, विझलेल्या चुलीपाशी उभं राहून, वहिनीने आपलं पापनिवेदन केलं.

"मी वन्संना वाईट बोलते, फादर."

"किती वेळा?"

"कोण मोजतंय?"

"तुम्हीच मोजा," फादर म्हणाले. "एक लहान वही करा. एकच दोष धरा, दहा नको. तोंडातून वाईट शब्द गेला की संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एक ठिपका. दोष लगेच काढून टाकायच्या मागे लागू नका. आधी केवढा आहे ते तरी बघा."

"आणि पातेलं आपटलं तर?"

फादरांनी थोडा विचार केला. "अर्धा."

वहिनीने फादरांना सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट सोडून. नदीपलीकडे सिस्टर लोकांचं म्हाताऱ्यांसाठी एक घर होतं. पावसाळा सरताना ती एकदा, औषधं आणायला जाते असं सांगून, तिथे जाऊन आली होती. स्वच्छ व्हरांडा, ओळीने खाटा, उचलायला दोन दणकट बायका. तिथल्या मोठ्या सिस्टरने तिचं मनगट हातात धरून म्हटलं होतं, "तुम्हीच आधी झोपा कुठेतरी." आणि आता निरोप आला होता की एक खाट रिकामी होते आहे. ईस्टरपर्यंत धरून ठेवते, त्यापुढे माझ्या हातात नाही.

वन्संना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. भावाने मरताना बायकोचा हात धरून 'ताईला अंतर देऊ नकोस' म्हटलं होतं, तेव्हा वन्सं खाटेच्या पलीकडच्या बाजूला उभ्या होत्या. त्या वाक्याचा उल्लेख त्यांनी पुढे कधी केला नाही. केला असता तर भांडता आलं असतं.

वहिनीने मनाशी ठरवलं. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस वन्संना एक वाकडा शब्द बोलायचा नाही. ईस्टरला सांगायचं आणि पाठवायचं. निदान शेवटचे चाळीस दिवस तरी चांगले गेले असं मनाला म्हणता यावं. ह्यात देवाशी थोडी घासाघीस होती हे तिला कळत होतं. पण ती इतकी थकली होती की त्याहून चांगला हेतू तिच्याजवळ शिल्लक नव्हता.

प्रायश्चित्तकाळ लवकर आला. एका सकाळी पुस्तकाचं पान उलटलं तर वर छापलेलं, राखेचा बुधवार, प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस. वहिनी म्हणाली, "वन्सं, आज राख."

"आज?" वन्संनी डोळे उघडले. "वार कोणता आज?"

"बुधवार. पुस्तकात आहे ना."

वन्सं थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. "असेल," त्या म्हणाल्या.

शंका घ्यायला घरात दुसरं काही नव्हतंच. चर्च बसने दोन थांबे लांब. रविवारी वन्संपाशी बसायला येणारी शेजारीण लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, त्यामुळे महिनाभर मिस्सा घडला नव्हता. वर्तमानपत्र बंद केलेलं. भिंतीवर दिनदर्शिका लावायची राहून गेलेली. तारीख आणि वार त्या घरात पुस्तक सांगे तेच.

गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली वाळकी झावळी क्रूसामागे खोचलेली होती. वहिनीने ती बशीत जाळली, राख बोटाने कुस्करली आणि वन्संच्या कपाळावर क्रूस काढला. मग वन्संनी उजवा हात पुढे केला. त्यांनी वहिनीच्या कपाळावर काढला. दोघींनी मिळून जेवढं आठवलं तेवढं म्हटलं.

"चहात साखर नको मला आजपासून," वन्सं म्हणाल्या. "तू काय सोडतेस?"

"बघू," वहिनी म्हणाली.

पहिल्या संध्याकाळी अकरा ठिपके पडले आणि दोन अर्धे. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की शब्द तोंडाशी येण्याआधी खांद्यात येतो. खांदे वर चढले की समजावं, आता निघणार. मग ती खांदे खाली सोडायची आणि म्हणायची, "हं वन्सं, आले." नुसतं 'आले' आणि 'आले हो, काय जीव घ्याल का' ह्यात किती श्वास वाचतात हे तिला नव्याने कळत होतं.

सहाव्या दिवशी सद्गुण होता सौम्यता. चिंतनात लिहिलं होतं की सौम्यता हा स्वभाव नसून सवय आहे आणि सवय पायरी-पायरीने चढते. वहिनी वाचताना थांबली.

"का थांबलीस?"

"पायऱ्या म्हटलं की गुडघे दुखतात."

वन्सं हसल्या. बऱ्याच महिन्यांत हसल्या नव्हत्या. अर्धाच चेहरा हसायचा, पण तो पुरेसा होता.

वन्संही बदलल्या होत्या हे तिला हळूहळू दिसलं. हाका कमी झाल्या. एकदा पेज सांडली तर त्या "मी सांडली" म्हणाल्या. आधी नेहमी "सांडली" एवढंच असायचं. एका दुपारी त्यांनी शाळेतली एक गोष्ट सांगितली. निरीक्षक आले त्या दिवशी त्यांनी घाईत दोन वेगळ्या चपला घातल्या होत्या आणि दिवसभर टेबलामागून उठल्याच नाहीत. एवढ्या वर्षांत ही गोष्ट वहिनीने ऐकली नव्हती. तिला बरं वाटलं, आणि मग नदीपलीकडची खाट आठवून वाईट वाटलं. चादर पिळताना तिने स्वतःला बजावलं, पाघळू नकोस. चाळीस दिवस कुणीही गोड वागेल. एकेचाळिसाव्या दिवशीही ही पाठ तुझीच असणार आहे.

सोळाव्या दिवशी ठिपका एकच होता, आणि तोही फादर येण्याआधीचा.

फादर आले तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत साबणात होते. टेबल आवरलेलं नाही, कापड काढलेलं नाही. ती गडबडली. "फादर, आज कसे? शुक्रवार उद्या ना?"

"शुक्रवार आजच," फादर म्हणाले. "सकाळपासून सात घरं झाली, शुक्रवार नसता तर मी झोपलो असतो."

वन्संना ख्रिस्तप्रसाद दिल्यावर फादर जरा टेकले. वहिनीने चहा आणला. फादरांनी वन्संच्या कपाकडे बघून विचारलं, "बाई, बिनसाखरेचा? डॉक्टरांनी सांगितलं?"

"प्रायश्चित्तकाळ आहे, फादर," वहिनी म्हणाली. "सोळावा दिवस."

फादरांनी कप खाली ठेवला. "येत्या बुधवारी राख आहे. परवापासून आम्ही झावळ्या गोळा करतोय जाळायला."

वहिनी टेबलाकडे वळली. तिने टेबलावरचं पुस्तक उचललं आणि बाइंडिंगखान्यातल्या सवयीने अंगठ्याचं नख खाकी कागदाच्या घडीत घालून कव्हर सोडवलं. आत वर्ष छापलेलं होतं. मागचं. तिने कपाट उघडलं. पुस्तकावर आशीर्वाद झालेला असतो, रद्दीत घालायचं नाही, म्हणून वर्षानुवर्षांची पुस्तकं तिथे उभी होती. सगळी तिनेच कव्हर घातलेली, सगळी एकसारखी, भावंडांसारखी. ह्या वर्षाचं त्यांच्यात नीट उभं होतं. महिन्यापूर्वी तिने टेबल आवरलं तेव्हा ते आत गेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी शेजारचं बाहेर आलं होतं.

ती खुर्चीवर बसली. आपण जवळजवळ निम्मा डोंगर चढलो आणि तो डोंगर भलताच निघाला, असं काहीसं तिला झालं. बुधवारपासून पुन्हा एक. पुन्हा चाळीस. तिच्या अंगात तेवढं नव्हतं.

"सोळा दिवस वाया गेले असं समजू नका," फादर म्हणाले. "देवाकडे काही पुस्तकातले वार बघत नाहीत." मग घड्याळ बघून ते उठले. अजून चार घरं होती.

वहिनी दार लावून खाटेपाशी आली. मग म्हणाली, "वन्सं, तुम्ही वार विचारला होता मला."

"हं."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"वहिनी, मी तीस वर्षं हजेरी घेतली. गुरुवारी सकाळी कुणी बुधवार म्हटलं तर मला कळत नाही होय?" वन्सं छताकडे बघत होत्या. "आणि ते पायऱ्यांचं चिंतन मागच्या वर्षीही ऐकलं होतं. तेव्हाही बरंच लांबलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी सांगणार होते. पण तू गोड बोलायला लागलीस. म्हटलं, असू दे. खरा बुधवार आला की तू पुन्हा करशीलच, मग माझे तेवढे दिवस जास्तीचे."

"आणि साखर का सोडलीत मग? प्रायश्चित्तकाळ नाही हे माहीत असून?"

"तू बोलणं सोडलंस ना. मी फुकट कशी घेणार?"

वहिनीचे खांदे वर चढले, पण ह्या वेळी ते रागाने नव्हतं. तिला रडू येत होतं आणि रडायचाही कंटाळा आला होता. ज्या गोडव्यासाठी ह्या बाईने सोळा दिवस कडू चहा प्यायला, तो गोडवा कशासाठी होता ते हिला माहीत नव्हतं. चांगुलपणा म्हणून दिलेली वस्तू परत मागावी तसं ते होतं. पण आता गप्प बसणं म्हणजे ह्या सोळा दिवसांतलं सगळ्यात वाईट बोलणं झालं असतं, आणि त्याला वहीत ठिपकाही पडला नसता.

"वन्सं," ती म्हणाली, "मी गोड बोलत होते ते तुम्हाला पाठवायचं म्हणून."

"कुठे?"

"सिस्टरांच्या घरी, नदीपलीकडे. खाट धरून ठेवलीय त्यांनी ईस्टरपर्यंत. मी पावसाळा संपताना जाऊन आले होते. तुम्हाला सांगितलं नाही."

वन्संचा चेहरा हलला नाही. हलायचा तो अर्धाही नाही.

"त्याने सांगितलं होतं तुला," वन्सं शेवटी म्हणाल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"हो. आणि नऊ वर्षं मी ते धरून बसले. आता माझ्याने होत नाही, वन्सं. तुम्हाला वळवताना परवा माझा हात सुटला. तुम्ही खाली गेला असतात. मी तुमच्यावर ओरडते ते तुमचा राग येतो म्हणून नाही. मला उभं राहवत नाही म्हणून."

"मला वळव," वन्सं म्हणाल्या. "भिंतीकडे."

तिने वळवलं. कूस बदलायची वेळ झालीच होती. वन्सं भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. वहिनीने चादरी धुतल्या, वाळत घातल्या, पेज केली. वन्संनी पेज भिंतीकडे बघतच खाल्ली. वहिनीने जुनं पुस्तक कपाटात ठेवलं, नवं बाहेर काढलं आणि ते हातात घेऊन नुसतीच उभी राहिली.

दुपारी साडेतीनला हाक आली. "वहिनी. कागद-पेन घे."

तिने आणलं आणि वन्संना वळवून उशीला टेकवलं.

"सिस्टरांना पत्र. मी सांगते ते लिही, मधे आपलं घालू नकोस." वन्संचा आवाज जुना होता, खुर्चीतला. "आदरणीय सिस्टर. मी आपल्या घरी राहावयास स्वखुशीने येत आहे."

वहिनीने पेन थांबवलं. "स्वखुशीने?"

"का?"

"खरं आहे का ते?"

"नाही. पण प्रायश्चित्तकाळ बुधवारी लागतोय. आज चालून जाईल." मग त्या थांबल्या. उजव्या हाताने त्यांनी चादरीची कड सरळ केली, पुन्हा सरळ केली. "खोड ते. लिही, माझी भावजय थकली आहे."

वहिनीने लिहिलं. अक्षरं नीट यावीत म्हणून तिला कागद डोळ्यांजवळ न्यावा लागला.

"पुढे?"

"पुढे काय? एवढं कारण पुरे आहे. ईस्टरनंतरच्या सोमवारी येईन म्हणून लिही. तोपर्यंत इथेच. आणि खिडकीजवळची खाट असेल तर द्यावी, नसली तर आग्रह नाही." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "रविवारी येशील ना तू?"

"बसने पंधरा मिनिटं तर आहे."

"म्हणजे येशील."

"येईन हो."

वन्संनी सही स्वतः केली. गुडघ्यावर पाट ठेवून, मुख्याध्यापिकेची लांबलचक, खाली रेघ मारलेली सही. मग पेन परत दिलं.

वहिनी कागदाची घडी घालायला बसली. अठ्ठावीस वर्षांत तिने लाखो कागद दुमडले असतील, पण हा तिला कडेला कड लावून दुमडता येईना. तिने तो तसाच मांडीवर ठेवला आणि पाठ खुर्चीला टेकली. जरा टेकू, मग पाकीट शोधू, असा विचार तिच्या मनात अर्धाच आला.

जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरून जमिनीवर आली होती. तिची मान अवघडली होती. घड्याळात साडेपाच वाजले होते. चार वर्षांत तिला दिवसा दीड तास कुणी झोपू दिलं नव्हतं. वन्संची कूस बदलायची वेळ केव्हाच टळून गेली होती. ती दचकून उठली.

वन्सं डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होत्या. ओठ घट्ट आवळलेले, उजव्या मुठीत चादर गच्च धरलेली.

"भांडं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून हवंय?"

"आण आधी."